निळा पत्रा

ड्रोनने आकाशातून काढलेलं एका गावाचं चित्र आज माझ्या पडद्यावर आलं. घरं, झाडं, विहिरी मी रेघेने वेढायच्या, म्हणजे यंत्र त्या ओळखायला शिकतं. एका गच्चीवर यंत्राने आपणहून ‘निळा पत्रा’ अशी खूण केली होती. मोठं करून बघितलं, तर जुनी निळी साडी, तिच्यावर कुरडयांचं वाळवण, आणि शेजारी वर बघत काठी उगारलेली एक बाई. ड्रोनलाच कावळा समजून हाकलत होती बिचारी.

मी बघतच राहिले. वरून सगळं दिसतं म्हणतात, पण त्या कुरडयांमागची तिची पहाट कुठून दिसणार?

“अगं, कुठे हरवलीस? अशाने ठेवून घेतील का तुला?” मागून विद्याताई म्हणाल्या. नववीत शाळा सुटलेल्या मला या परक्या शहरात त्यांनीच शब्द टाकून खुर्ची मिळवून दिली आहे, आणि अजून कायम व्हायचंय. मी पडद्यावरच्या गच्चीकडे बोट दाखवलं.

त्या वाकल्या आणि खुदकन हसल्या. “अगंबाई, आपल्यालाच हाणतेय की ही!” मग म्हणाल्या, “पूस तो पत्रा. नीट पूस, घाई नको.” मी ती खूण पुसली आणि तिथे ‘वाळवण’ असं लिहिलं.

नोकरीची धाकधूक आहेच. पण ‘तिथे करतेस तरी काय गं?’ असं आई फोनवर विचारते, तेव्हा मला सांगता येत नाही. आज सांगेन, एका बाईचं वाळवण राखलं.