मावशीचा व्हिसाचा फोटो

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फोटो स्टुडिओच्या मालकाला लोक ‘हसूनका’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती कुणाची होती? एके काळी हाच माणूस नवरानवरीसमोर कॅमेरा धरून “हसा जरा, त्याचे पैसे लावत नाही” असं म्हणायचा. पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेरावाला फोन आला, लग्नाची कामं गेली आणि उरले ते परदेशी निघालेल्यांचे व्हिसाचे फोटो. तिथे हसायला बंदी. मग दिवसभर एकच पाढा: हसू नका, दात दाखवू नका, चष्मा काढा, केस कानामागे घ्या, मान सरळ. आणि तोही अशा आवाजात, की समोरचा माणूस युरोपला निघालाय की तुरुंगात, असा त्याचा त्यालाच प्रश्न पडावा.

कामाला मात्र नाव ठेवायची सोय नव्हती. मागचा पडदा फिकट, सावलीचा मागमूस नाही, चेहरा चौकटीत हवा तेवढाच, एक केस इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्यांकडचे फोटो व्हिसाच्या खिडकीवरून परत येत, याचा एकही आला नव्हता. लोक शिव्या खात आणि तरीही याच्याचकडे येत.

लग्न जुळवायचे किंवा भिंतीवर लावायचे फोटो अजून अधूनमधून येत, त्यांची तऱ्हा वेगळी. त्यांत मुरुम, डाग, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं तो कॉम्प्युटरवर साफ करून द्यायचा. त्याला तो ‘हात फिरवणं’ म्हणे. व्हिसाच्या फोटोवर हात फिरवायचा नाही हा त्याचा कडक नियम, कारण असा फोटो सापडला की अर्जच निकालात निघतो. कुणी बाई म्हणालीच, “जरा हा डाग तेवढा काढा ना,” तर तिला तो म्हणायचा, “तिथल्या साहेबाला तुम्हाला बघायला यायचं नाहीये, ओळखायचं आहे.”

स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत त्याचं घर होतं आणि त्या घरात मावशी होती. मावशी म्हणजे त्याच्या बायकोची थोरली बहीण. बायको गेली तेव्हा पोरगी अजून बोबडं बोलत होती. मावशी दुसऱ्या गावची चांगली नोकरी सोडून “थोडे दिवस” म्हणून आली आणि राहिली. “मी नोकरीवर पाणी सोडून आले,” हे ती दर भांडणात म्हणायची. “बोलावलं कुणी होतं?” हे तो दर भांडणात म्हणायचा. बोलावलं त्यानेच होतं, पण ते कबूल करेल तर तो हसूनका कसला.

त्याचा खरा राग वेगळाच होता. पोरगी तापली तर मावशीला बिलगायची, परीक्षेत पहिली आली तर धावत मावशीकडे जायची, रडायचीही तिच्याच पदरात. जन्म दिला आपण आणि लेक झाली हिची, हे त्याच्या मनातून कधी गेलं नाही. भांडण सोडलं तर दोघांतलं बोलणं पोरीमार्फत चालायचं. पोरगी शिकून युरोपात नोकरीला गेली, तिथेच लग्न करून राहिली आणि इथे मधला माणूसच उरला नाही. तेव्हापासून मावशी भांड्यांशी बोलायला लागली. “दूध उतू गेलं तर मला विचारायला येऊ नका,” असं ती पातेल्याला सांगायची. तो पंख्याकडे बघून म्हणायचा, “विचारतंय कोण.”

एक गोष्ट मात्र त्याने कुणाला कळू दिली नव्हती. पोरगी विमानात बसली त्याच आठवड्यात त्याने स्वतःचा पासपोर्ट काढून ठेवला होता. लेकीचं घर बघायचं, तिच्या हातचा चहा प्यायचा, एवढी एकच इच्छा त्या कडू माणसाच्या पोटात होती. आणि ती कुणी ओळखू नये म्हणून तो येईल त्याला सांगायचा, “काय ठेवलंय तिकडे? थंडी.”

मग पोरीला दिवस गेले. तिचा फोन आला तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात होते, एक ओट्यापाशी, एक दाराशी. पोरगी म्हणाली, “इथे पाहुणा बोलवायचा तर घराची आणि पगाराची कागदपत्रं इथल्या कचेरीत दाखवावी लागतात. आमचं घर बघून त्यांनी एकाच माणसाला मंजुरी दिली आहे. बाळंतपणाला म्हणून मी मावशीचं नाव घातलं. बाबा, तुम्हाला उन्हाळ्यात बोलावते, मोठं घर मिळालं की.”

“मला कुठे यायचंय,” तो म्हणाला आणि जिना उतरून खाली गेला. उन्हाळ्यात म्हणजे कधीच नाही, असा त्याने अर्थ लावला. तसा तो लावणारच होता. चांगल्या बोलण्याचा वाईट अर्थ काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

कागदपत्रं जमवायचं काम शेजारच्या ट्रॅव्हलवाल्याने घेतलं. परतीच्या तिकिटाचं बुकिंग हवं, तिकडच्या दवाखान्याचा खर्च भरून देणारा विमा हवा, बँकेचे कागद हवेत, पासपोर्टची मुदत परतीच्या पुढे शिल्लक हवी, आणि इथे परत यायला तुमचं काहीतरी आहे याचा पुरावा हवा. या शेवटच्यावर मावशी म्हणाली, “माझं इथे काय आहे? लिहा, भांडायला माणूस आहे.” ट्रॅव्हलवाला हसला. हसूनका हसला नाही.

फोटो कुठे काढायचा हा प्रश्नच नव्हता. घराखाली स्टुडिओ असताना दुसरीकडे जाणं म्हणजे गल्लीत तमाशा. मावशी खाली आली, स्टुलावर बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, “लवकर आटपा.”

“भिंतीचा व्हिसा काढायचाय का? इकडे बघा.”

“बघितलं.”

“तोंड मिटा.”

“ते तुम्हाला एवढी वर्षं जमलं नाही, आज जमणार आहे?”

त्याने कॅमेऱ्यामागून दोनदा बटण दाबलं आणि ती उठून गेली. तो कॉम्प्युटरसमोर बसला. सकाळपासून एका साखरपुड्याचे फोटो चालू होते, डाग काढ, वर्तुळं काढ. त्यातच मावशीचा फोटो उघडला. हात माऊसवर होता, पण मन भलतीकडेच. ही जाणार. ही माझ्या लेकीच्या घरात पाय पसरून बसणार. माझं नातवंड पहिल्यांदा ही हातात घेणार आणि मी इथे लोकांना माना सरळ करायला सांगत बसणार. तिला काय काय सुनवायचं याची वाक्यंच्या वाक्यं तो मनात जुळवत होता, आणि तेवढ्यात त्याच्या हाताने, आयुष्यभर जे केलं ते करून टाकलं. मावशीच्या हनुवटीवर एक जाड, वाकडा व्रण होता. तो गेला. हनुवटी अशी गुळगुळीत झाली, की जणू तिथे कधी काही नव्हतंच.

एरवी तो प्रत्येक फोटो भिंगाखाली धरायचा. हा त्याने धरला नाही. त्या बाईचं तोंड भिंगातून मोठं करून बघायची त्याला काय हौस होती? त्याने फोटो कापले, पाकिटात घातले, पाकीट जिन्याच्या पायरीवर ठेवलं आणि वरच्या दिशेने ओरडला, “झालंय.” मावशीने पाकीट उचललं. तिनेही ते उघडलं नाही. याच्या हातचा फोटो कौतुकाने बघितला असं याला वाटायला नको, म्हणून पाकीट तसंच फाईलमध्ये गेलं. ट्रॅव्हलवाल्याने बाकी सगळे कागद दोन दोनदा तपासले. फोटो तपासला नाही, कारण फोटो हसूनकाचा होता.

अर्जाच्या कचेरीत मावशीने बोटांचे ठसे दिले, सगळी मूळ कागदपत्रं दाखवली, फाईल पुढे गेली. आणि पोरीचे दिवस अगदी भरत आले असताना नकार आला. छापील कारणांच्या यादीत एका ओळीसमोर खूण होती: जोडलेल्या कागदपत्रांच्या खरेपणाबद्दल शंका. ट्रॅव्हलवाला चक्रावला. विमा खरा, तिकीट खरं, पोरीचा पगार खरा. मग त्याने पासपोर्ट आणि उरलेला एक फोटो स्टुडिओच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. पासपोर्टमधला फोटो पासपोर्टच्या कचेरीतच काढलेला, व्रणासकट.

“अहो,” तो हळूच म्हणाला, “हनुवटीवरची खूण कुठे गेली?”

हसूनकाने फोटो उचलला आणि आता कुठे तो भिंगाखाली धरला. मावशी जिन्यापाशी उभी होती. तिने पुढे होऊन तो फोटो पहिल्यांदा पाहिला, नीट निरखून पाहिला आणि काउंटरवर ठेवून वर निघून गेली. 

पुन्हा अर्ज करायला तारीख मिळेपर्यंत पोरगी बाळंत झाली. नवऱ्याला कामावरून येता आलं नाही. परक्या भाषेतल्या दवाखान्यात ती एकटी होती, रात्रभर कळा देत, आणि धीर द्यायला आपलं म्हणावं असं कुणी नाही. मुलगी झाली. ही बातमी मावशीच्या फोनवर आली, त्याच्या नाही.

चार दिवसांनी भर दुपारी स्टुडिओत फोन वाजला. बाकावर तीन गिऱ्हाईकं बसली होती, ट्रॅव्हलवाला कुणाचे तरी फोटो न्यायला आला होता. हसूनकाचे दोन्ही हात कापायच्या यंत्रात गुंतलेले, म्हणून त्याने कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला.

“बाबा,” पोरगी म्हणाली. आवाज खोल गेलेला. “मला एकच सांगा. मावशीचा फोटो तुमच्या हातून चुकला, की तुम्ही मुद्दाम केलंत?”

बाकावरची माणसं ऐकत होती. त्यातला एकजण दुसऱ्या स्टुडिओतला फोटो व्हिसाच्या खिडकीवरून परत आल्यामुळे इथे आला होता. ‘चुकला’ हा एक शब्द म्हणायचा होता. नुसता म्हणायचा होता, झालं असतं. पण मुद्दाम म्हटलं तर माणूस वाईट ठरतो आणि चुकला म्हटलं तर हात वाईट ठरतो. वाईट माणूस म्हणवून घ्यायची त्याला सवय होती. हाताला कुणी बोट दाखवलेलं त्याने कधी सोसलं नव्हतं.

“मुद्दाम केलं,” तो म्हणाला.

ट्रॅव्हलवाल्याने मान खाली घातली. फोनमधून मागे बाळाचं रडणं ऐकू आलं. आजोबाने नातीचा आवाज ऐकला तो हा असा.

“मी जिन्यावरून पडले होते लहानपणी,” पोरगी म्हणाली, “तेव्हा मला झेलताना मावशीची हनुवटी फुटली. तुम्ही तिथेच उभे होतात. तेवढी तरी खूण ठेवायची होतीत, बाबा.” आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर त्याने केलेले फोन तिने उचलले नाहीत. तो दिवसातून दहादा फोन लावायचा आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर वसावसा ओरडायचा. मावशीने नवीन फोटो बाजारातल्या दुसऱ्या स्टुडिओत काढला, तोही अख्ख्या गल्लीला दिसेल अशी याच्या दारावरून चालत जाऊन. फोटो जेमतेमच होता. व्हिसा आला.

निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती आणि तो जिन्याच्या पायथ्याशी. गाडी बाहेर आली होती. इतक्या वर्षांत पंख्याकडे किंवा कॅमेऱ्यात न बघता तो तिच्याशी पहिल्यांदा बोलला.

“ताई, मी ते मुद्दाम केलं नव्हतं. लक्ष नव्हतं. हात आपोआप गेला.”

“मला माहीत आहे,” मावशी म्हणाली.

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “माहीत आहे?”

“त्याच दिवशी कळलं. फोटो बघितला तेव्हाच. तुम्ही मला उपाशी ठेवलं असतंत, घराबाहेर काढलं असतंत. पण मुद्दाम फोटो बिघडवणं तुमच्या हातून व्हायचं नाही. एवढं तर मी तुम्हाला ओळखते, भाऊजी.”

“मग तिला सांगा. माझा फोन घेत नाही ती. तुमचं ऐकेल.”

“ऐकेल ना. माझं सगळंच ऐकते.” मावशीने बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. “पण मी कशाला सांगू? एवढी वर्षं मी तिची आई झाले. तुम्ही एकदा तरी तिच्यासमोर माझं चांगलं बोललात? तुम्ही तुमच्या तोंडाने सांगितलंय मुद्दाम केलं म्हणून. मी तुम्हाला खोटं कशाला पाडू?”

“मला नात बघायची आहे,” तो म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मोठं घर मिळालंय त्यांना. उन्हाळ्यासाठी तुमचं नाव घालायचं चाललं होतं. आता खोडलं तिने.”

ती खाली उतरू लागली. तो वाटेतून बाजूला झाला नाही, म्हणून तिला शेवटच्या पायरीवर थांबावं लागलं. त्याने बॅग घ्यायला हात पुढे केला. तिने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली, त्याला वळसा घातला आणि जाऊन गाडीत बसली.