लीकेजवाल्याची होडी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या गच्च्या गळायच्या थांबवल्या. बोरिवली ते अंधेरी, कुठल्याही सोसायटीत छताला ओल आली की फोन ह्यांना. घरी मात्र नळाचा वॉशर मीच बदलायचे. असा माणूस निवृत्त झाल्यावर शिडाची होडी विकत घेतो, तीही जुनी, लाकडाची, मनोरीच्या खाडीकाठी यार्डात ठोकळ्यांवर कित्येक वर्षं पडलेली, तेव्हा बायकोने काय करावं? मी अबोला धरला. कारण कळलं तेव्हा मुकाट्याने डबा करून द्यायला लागले.

ह्यांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती आणि गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ह्यांचं म्हणणं एकच: दिसतंय तोवर गाव एकदा समुद्रातून बघायचं. सासरे तरुणपणी मुंबईहून शिडाच्या गलबतातून मालवणकडे, गावी जायचे. पाण्यातून गाव वेगळंच दिसतं, असं सांगायचे, दिसतं कसं विचारलं तर म्हणायचे, "बगल्याशिवाय कळूचा नाय." आम्ही जन्मभर एसटीने, मागच्या दाराने गेलेलो. "एखादी मच्छीमार बोट भाड्याने घेऊ ना," मी म्हटलं. "शिडानेच जायचं," हे म्हणाले. हट्टाला औषध नाही.

मग मार्वेहून फेरीबोट आणि पलीकडे यार्ड, हा आमचा नेम झाला. जुना रंग खरवडायचा, कुजलेली फळी काढायची, तर तिच्या शेजारचीही कुजलेली. हे मान वाकडी करून, उरलेल्या नजरेत फळी धरून बघायचे. नंतर नंतर बोटांनीच फटी शोधायला लागले. मी पॉलिश पेपर घासून नखं घालवली आणि होडीला सवत म्हणत राहिले. गंमत म्हणून नव्हे, खरंच राग यायचा तिचा. ह्यांचे बघायचे दिवस ती खात होती.

लाकडी बोटीच्या फळ्यांमधल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात. आजूबाजूच्या सगळ्या बोटींत तोच होता. ह्यांना ते पटेना. "कापसाने कधी लीकेज थांबतं का गं?" म्हणून गच्चीच्या चिरा बुजवायची, वाळल्यावर दगड होणारी पुट्टी आणली आणि एकेक फट गच्च भरली. वरून रंगाचे हात दिले. होडी झकास दिसायला लागली, हे मलाही कबूल करावं लागलं.

पावसाळ्याआधी गाव गाठायचं म्हणून घाईने, भरती बघून ती पाण्यात सोडली. मी खाडीला नारळ दिला. आत एक थेंब आला नाही. हे तळाच्या फळ्यांवर हात फिरवत लहान मुलासारखे हसले, आणि किती तरी महिन्यांनी मलाही वाटलं, जमतंय.

दोन-तीन दिवसांनी गेलो तर होडी अर्धी पाण्यात बसलेली. लाकूड पाणी पिऊन फुगतं. कापूस असता तर दबला असता. पुट्टी दबली नाही. फळ्यांना सरकायला जागाच उरली नाही, तेव्हा त्या ज्यांना ठोकलेल्या असतात त्या आतल्या लाकडी बरगड्या मोडल्या. यार्डवाल्याने होडी ओढून वर घेतली, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, आता पाऊस येतोय. दिवाळीनंतर बघूया."

डॉक्टरांनी नजरेची गणपतीपर्यंतचीसुद्धा खात्री दिली नव्हती. पण ते त्या माणसाला सांगून काय उपयोग?

हे मोडलेल्या बरगडीवरून बोटं फिरवत बसले होते. "जागा ठेवायला हवी होती," म्हणाले. मला रडू आलं आणि संतापही, आणि तो कुणावर काढायचा तेच कळेना. म्हणून उगाच मोठ्या आवाजात म्हटलं, "होईल दुरुस्त. दिवाळीनंतर जाऊ. मी बघेन आणि तुम्हाला सांगेन, आलं बघा आपलं गाव. फक्त ते ओळखायचं कसं, तेवढं आत्ताच सांगून ठेवा मला."

हे खचले की मालवणीवर येतात.

"माका तरी खंय म्हायत गो?" म्हणाले. "दर्यातसून मियां पण कधी बगूक नाय."