केवलरामचा कासरा

आमगावकडच्या केवलरामबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जात. एक, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्याच्या बैलजोडीपुढं कुणाची जोडी निघत नाही. दुसरी, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो. पहिलीचं मला ठाऊक नाही, दुसरी मात्र शपथेवर सांगतो.

महायुद्ध संपल्यावर गोंदियाजवळच्या धावपट्टीवर भैय्यालालजी नावाच्या निवृत्त वैमानिकानं दोन लहान विमानं आणून शिकवणी सुरू केली. केवलराम धान विकायला गोंदियाला गेला आणि विमानाच्या शिकवणीत नाव घालून परतला. एवढ्यावर थांबला असता तर तो केवलराम कसला? भर बाजारात म्हणाला, "या संक्रांतीले मी एकटा गावावरून उडत जाईन. माना वर करून ठेवा!" अशा गोष्टी आमचं गाव कधी विसरत नाही.

कोणत्या विमानावर शिकायचं ते शिकणाऱ्यानं ठरवायचं. एक नवं, काचेच्या छताचं, चपळ. मास्तर-चेला शेजारी शेजारी. दुसरं जुनं, वरखाली दोन पंखांचं, उघडं. पुढं मास्तर, मागं चेला, बोलायला मधे रबरी नळी. केवलरामनं बाजारात बैल पाहावा तशी दोन्हींभोवती फेरी मारली आणि जुन्याच्या शेपटीवर थाप दिली.

"हे म्हातारं काऊन ठेवलं जी?"

"सीखने के लिए यही अच्छा," भैय्यालालजी म्हणाले. "धीरे चलता है, गलती माफ कर देता है."

"मी माफी मागाले नाही आलो!" म्हणून गडी नव्यात बसला.

वर जाणं त्याला झकास जमलं. घोटाळा उतरताना. जमीन अंगावर येऊ लागली की पट संपल्यावर कासरा ओढावा तसा तो विमानाचा दांडा छातीशी ओढायचा आणि ओरडायचा, "हो, हो राजा!" ओढल्यावर बैल थांबतो. विमान नाक वर करतं, मग धपकन खाली बसू पाहतं. भैय्यालालजी झडप घालून दांडा पुढं लोटायचे.

"केवलरामजी, इसकी नाक में नकेल नहीं है!"

संक्रांत जवळ आली तेव्हा त्यांनी साफ सांगितलं, "ऐसे में अकेले नहीं छोडूँगा."

केवलराम तोंड पाडून घरी आला. देवकाबाई गोठ्यात बैलांना पेंड घालत होती. नवऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अजी, नव्या गोऱ्ह्याले कोणासंगं जुपता तुमी?"

"म्हाताऱ्या बैलासंगं. त्याच्या चालीनं शिकते तो."

"मंग तिथं गोऱ्हा कोण होय?"

केवलराम गप्प बसला म्हणे. हे तिनंच साऱ्या आळीला सांगितलं, नाहीतर त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी तो निमूट जुन्या विमानात चढला. ते इतकं सावकाश उतरायचं की आपला हात काय करतोय, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. नळीतून भैय्यालालजींचा आवाज यायचा, "अभी नहीं... अभी नहीं... अब, थोडासा." दांड्यावरची मूठ सुटली, दोन बोटं राहिली. हळूहळू 'हो राजा'ही बंद झालं.

संक्रांतीला भैय्यालालजी पुढच्या जागेवरून खाली उतरले. रिकाम्या जागेचे पट्टे आवळले आणि म्हणाले, "जाइए."

गावानं माना वर केल्या. देवकाबाई हातात तीळगूळ घेऊन खळ्यात उभी, पदर डोळ्यांवर आडवा. जुनं विमान घरघरत गावावरून गेलं. परत उतरताना चाकं कधी टेकली ते त्याला कळलंही नाही. असं तो म्हणतो. पण या वेळी भैय्यालालजीही तेच म्हणाले.

त्यानंतरच्याच पटात केवलरामची जोडी नेहमीसारखी पहिली आली. रेघ ओलांडली, तरी थांबेना. आमचा पठ्ठ्या दोन बोटांत कासरा धरून पुटपुटत होता, "अभी नहीं... अभी नहीं..."

बैल सरळ कवडूच्या लाखोरीच्या शेतात! कवडू शिव्या देत काठी घेऊन धावला आणि गर्दीतून देवकाबाई ओरडली, "अजी, वढा ना! हे बैल होत!"