आजोबांनी सांगितलं होतं

सांगलीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी संगणकाचं काम बघते. पेशंटच्या माहितीत कुणी काहीही बदललं, तर आधी काय होतं, नंतर काय झालं आणि कुणी केलं, हे आपोआप नोंदलं जाईल अशी सोय मी करून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलींना ती आपल्यावर ठेवलेली पाळतच वाटायची.

एका सकाळी उंब्रजहून एक आजोबा आजींना घेऊन आले. आजींच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. सिस्टरनं विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही का यांना?"

"आवं, मागल्या बारीला सांगितलंय की. एक इंजेक्शन हाय, अंगभर गांधी उठत्यात हिच्या."

"नाव काय त्याचं?"

नाव आठवेना. सिस्टरनं स्क्रीन पाहिली. "इथं तर काहीच लिहिलेलं नाही, आजोबा."

फौजेत नोकरी केलेला ताठ माणूस. पण एकदम खुर्चीत बसला. "मग म्या सांगितलंच नसंल. आताशा डोकं चालंना माझं."

आजींनी त्यांची बाही धरली. "सांगितलंय तुमी. मी बाजूलाच हुते की."

मी प्रिंटर बघायला आले होते, ती तशीच माघारी फिरले आणि आजींच्या माहितीतल्या बदलांची नोंद उघडली. आधी तिथं औषधाचं नाव होतं, पुढं अंगावर गांधी उठतात हेही लिहिलेलं होतं. नंतर काउंटरवर पत्ता दुरुस्त करताना तेवढा मजकूर पुसला गेला होता.

आधी डॉक्टरांना सांगितलं, मग आजोबांच्या शेजारी जाऊन बसले. "आजोबा, तुम्ही सांगितलं होतं. आमच्याकडून पुसलं गेलं."

"व्हय? दाव बघू."

त्यांना स्क्रीनपाशी नेलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मीच वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"घरात समद्यांस्नी वाटतंय, म्हातारा इसराय लागला," ते हळूच म्हणाले. "मलाबी तसंच वाटाय लागलं हुतं, पोरी."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

ऑपरेशन दुसऱ्या औषधावर नीट पार पडलं. पुसलेला मजकूर मी परत भरला, आणि 'खरंच पुसायचं का?' असं संगणकानं विचारल्याशिवाय तो रकाना रिकामा होणार नाही असं करून टाकलं.

निघताना डोळ्यावर पट्टी बांधलेल्या आजी म्हणाल्या, "घरी गेल्यावर पोराला पयलं ह्येच सांगा."

आजोबा हसले. "तूच सांग. माझ्यावर कोन इस्वास ठेवतंय!"