आक्काचं वाळूक

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. अर्धं बायकोला ठाऊक होतं, कारण ते तिच्या डोळ्यांदेखत घडलं. उरलेलं ती गेल्यावर घडलं. आता मुलगी बंगळुरूला, आणि घरात बोलायला मी आणि टीव्ही—त्यातही टीव्हीच जास्त बोलतो. म्हणून तुम्हाला सांगतोय.

विषय तसा किरकोळ वाटेल. अंगणातला एक वेल. कुणी न लावता, आपोआप उगवणारा. तो ठेवायचा की उपटायचा, एवढाच प्रश्न. दर आषाढात पाण्याच्या टाकीमागं त्याची जाडसर दोन पानं वर यायची, आणि मी हातात खुरपं घेऊन समोर उभा राहायचो. शेजारचे काका भिंतीवरून हटकायचे, "काय साहेब, फाईल पुढे सरकत नाही वाटतं?" जन्म सरकारी कचेरीत काढला की असले टोमणे खावेच लागतात. मी हसायचो. त्यांना काय सांगणार होतो?

वेल वाळकाचा. वाळूक म्हणजे बाजरीच्या रानात येणारी गावरान काकडी. पिकली की घमघमते आणि आपणहून फुटते. आक्का, माझी थोरली बहीण, सिन्नरच्या पुढे एका कोरडवाहू गावात दिलेली. तिच्या रानातलं वाळूक वेगळं दिसायचं—हिरव्यावर पांढरे पट्टे, देठाशी जराशी पिवळी झाक. ते बी तिला तिच्या सासूनं दिलेलं. शाळेसाठी मी आक्काकडेच राहिलो, दहावीपर्यंत तिच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला माझी बाजू घ्यावीशी वाटणार नाही.

आक्काला टीबी झाला. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. दवाखान्यात आक्काला मीच न्यायचो, आणि औषधं बरेच महिने चालल्यावर डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते की आता हिच्यापासून कुणाला धोका नाही. म्हणजे मला कळत नव्हतं, असं नाही. भाद्रपदात तिनं दुधाच्या गाडीवाल्याबरोबर पिशवीभर वाळकं पाठवली. मी द्वारका चौकात जाऊन ती घेऊन आलो. बायकोनं धुतली, एक चिरायला घेतलं—आणि मी तिच्या हातातून ते काढून घेतलं.

"अहो, वाळकानं काय होतंय?" ती म्हणाली.

"लेकरू आहे घरात," मी म्हणालो. पिशवी टाकीमागं नेऊन ओतली, वर पायानं माती लोटली. गाडीवाल्याकडे उलट निरोप दिला—फार गोड होती, लगेच संपली. त्या मोसमात आल्या तेवढ्या पिशव्या तिथेच गेल्या.

भीती होती का? होती. पण भीती म्हटलं की जरा बरं दिसतं, नाही? खरं सांगायचं तर—किळस होती. ज्या हातानं मला भरवलं, त्या हाताची किळस. हा शब्द मी आज पहिल्यांदा उच्चारतोय. बायकोसमोरही मी लेकराचंच नाव पुढे केलं होतं.

पुढच्या राखीपौर्णिमेला आक्का आली. बरी झाली होती, अंग भरलं होतं. पाय धुवायला टाकीकडे गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली. मला वाटलं, विंचू निघाला. धावत गेलो तर भिंतीवर वेल चढलेला, त्याला बोटभर वाळकं लागलेली—पट्ट्यांसकट. मी महिनाभर तिकडे फिरकलोच नव्हतो. आता हिला सगळं कळणार, म्हटलं.

आक्का वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भाऊ, माझं बी राखलंस व्हय रं? गावात लोक माझ्या हातचं पाणी घेत नव्हते. जावेनं माझं ताट येगळं केलं. आन तू… तू माझं बी लावलंस!"

तेव्हा बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? मान हलवली. नुसती हलवली असती तरी एक वेळ… पण नाही. वर म्हणालो, "मग काय आक्का, तुझं बी आहे ते." बायको दारात उभी होती. ती आत गेली. त्या वाळकांबद्दल ती माझ्याशी पुन्हा कधीच बोलली नाही.

मग ती गोष्ट भावकीत पसरली. लग्नकार्यात बायका मला दाखवून म्हणायच्या, भाऊ असावा तर असा. वेल दरवर्षी आपोआप यायचा. पिकलेली वाळकं फुटायची, बी तिथेच पडायचं. उपटावा तर आक्का विचारणार, ठेवावा तर रोज बघावा लागणार. बायको होती तोवर ठेवला. वाळकं शेजारीपाजारी वाटून टाकायचो. स्वतः कधी तोंडात घातलं नाही—आधी किळस म्हणून, नंतर लाजेनं.

बायको गेली आणि बघणारं कुणी उरलं नाही. त्या आषाढात मी पहिल्यांदा सगळी रोपं उपटली. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही—फूल धरायच्या आधीच. शेवटी तिथे वाळूक उगवायचंच थांबलं. मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो. वयामुळं आक्काचं येणं थांबलं होतं, ती फोनवर विचारायची, "आलं का वाळूक?" मी म्हणायचो, "आलं की."

गेल्या वर्षी भाच्यानं बाजरीचं रान मोडून द्राक्षबाग लावली. आक्काच्या डब्यातलं बी किडलं. तिचा फोन आला. "माझं गेलं रं सगळं. पर तुझ्याकडं हाय, म्हणून मला काळजी नाय."

मी पंचवटीत जाऊन काकडीच्या बियांचं पाकीट घेतलं. बी राखेत घोळलं, घरचं दिसावं म्हणून. फडक्यात बांधून स्वतः गावी नेऊन दिलं. आक्कानं ती पुरचुंडी कपाळाला लावली. मी समोर बसून चहा प्यायलो.

तिच्या दारातल्या वेलाला लांबट, हिरव्यागार काकड्या लागल्या. पट्टा नाही, झाक नाही. फोन वाजला तेव्हा वाटलं, आता विचारेल.

"पट्टे गेले रं," ती म्हणाली. मग तीच म्हणाली, "शहरातल्या मातीत इतकी वर्षं काढली त्यानं, बदलायचंच. चव तीच हाय."

चव तीच कशी असेल? तिला कळलंय का? कळूनही ती मला सांभाळून घेतेय का? मला माहीत नाही. विचारायची छाती नाही.

या आषाढात मी टाकीमागची जमीन हातानं उकरली. एखादं तरी बी खोल राहिलं असेल, म्हणून रोज सकाळी जाऊन बघत होतो. आघाडा आला, सदाफुली आली. वाळूक आलं नाही.

परवा आक्काचा फोन आला. यंदा बी पुष्कळ निघालं म्हणाली. नातीच्या सासरी दिलं, सुनेच्या माहेरी दिलं, गल्लीत मागेल त्याला दिलं. "समद्यांना सांगते, माझ्या सासूचं बी हाय, आन माझ्या भावानं राखलं."

मी म्हटलं, "बरं केलंस, आक्का."