बहिणीच्या हिरड्या

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून फिट यायची. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबली. पण पुढे तिच्या हिरड्या फुगून दातांवर चढल्या. दात घासले की रक्त यायचं. दातांचे डॉक्टर म्हणाले, हा गोळ्यांचा परिणाम. तोंड स्वच्छ ठेवा, वाढलेली हिरडी कापता येईल, पण गोळी बंद करू नका. तिने एकदा मनानेच बंद केली होती, तेव्हा चुलीपाशी पडली. कोपरावरचा डाग कायमचा राहिला. त्यानंतर रोज संध्याकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं.

गडमुडशिंगीहून पाहुणे तिला बघायला आले, त्या दिवशी मी सगळी तयारी सकाळीच उरकली होती. फिटचं काय सांगायचं, तेवढं ठरलं नव्हतं. "लगीन होऊ दे, मग बघू," एवढंच आत्या म्हणाली होती.

बहीण पदर तोंडाशी धरून बोलत होती. मुलाच्या आईने तो हसत बाजूला केला आणि तिच्या हिरड्या पाहिल्या.

"मिश्री लावतीस व्हय गं?"

"लावती की थोडी," आत्या चटकन म्हणाली. "सोडंल आता."

"सोडायची कशाला? आमी बी लावतो की!" बाईंनी कमरेची तंबाखूच्या मिश्रीची डबी काढून उघडली आणि बहिणीपुढे धरली. "घे. सासूला लाजायचं न्हाय."

सगळे हसले. बहिणीने डबीकडे पाहिलं, मग त्या बाईंकडे. बाईंचा चेहरा खरंच मायेचा होता.

"मी मिश्री लावत न्हाय," ती म्हणाली. "मला फिट येती. गोळ्या चालू हायत, त्यानं हिरड्या फुगल्यात."

बाईंनी डबी मिटली. जाताना बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण निरोप धाडतो असंही कुणी म्हणालं नाही.

दार लागताच आत्या कडाडली, "जमत आलतं की गं! गप बसली असतीस तर काय जीभ झडली असती?"

"आन् गोळी कुठं खाल्ली असती, आत्या? न्हाणीत लपून? किती दिवस?"

बहीण माझ्याकडे वळली. "आक्का, पाणी दे."

मी तांब्या दिला. तिने आमच्या सगळ्यांसमोर गोळी घेतली आणि पाहुण्यांच्या बश्या उचलायला लागली.