चेंबर गळला नाई

माझ्या नवऱ्याले गाडीनं नाई मारलं. उशीर मी केला.

आज वर्ष झालं. गावात अजून बोलतात, देवानंदनं घरी कापलेला चेंबर रस्त्यात गळला, म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचला नाई.

चेंबर म्हणजे इंजिनखालचा ऑइलचा डब्बा. आमच्या गावाहून अहेरीले जाताना दोन नाले लागतात, धोंड्यानं भरलेले. दोन वेळा चेंबर फुटला.

मग त्यायनं तो अंगणात काढला.
खालून चार बोटं कापला. बाजूनं पत्रा वेल्ड करून रुंद केला. ऑइल ओढणारी आतली नळीई आखूड केली.
ऑइल तेवढंच, उंची कमी.

मी म्हटलं, "कंपनीले अक्कल नोती, तुमालेच आली."

"कंपनीनं आपला नाला कुठी पाह्यला?"

माझ्या डब्बीतला चुना बाहेरून फासला, आत डिझेल भरलं. चुना भिजला म्हणजे लीक.
दोनदा भिजला. दोनदा परत वेल्डिंग केली.
तिसऱ्यांदा दिवसभर कोरडा.

"ये, पाहून घे," म्हणे.
मले धानाच्या रोवण्याले जायची घाई. नाई पाह्यलं.

पंधरा दिवसानं सकाळीच त्यायच्या छातीत दुखलं. घाम फुटला.
माझा दीर गौतम गाडी चालवे. मी मांगं त्यायले धरून.

पहिल्या नाल्यात खालून ठण्ण वाजलं.

"थांबव."
"वयनी, ऑइलचा लाइट नाई लागला."
"थांबव म्हटलं ना."

उतरली. चिखलात आडवी होऊन खाली हात फिरवला. कोरडा.

दुसऱ्या नाल्यात परत वाजलं. परत थांबवली. या वेळी गौतमलेई खाली पाठवलं. टॉर्च लावून पाह्यलं.

ते मांगून म्हणे, "गळत नाई तो. बस ना गाडीत."

हेच शेवटचं बोलले.

डॉक्टर म्हणे, थोडं आधी आणलं असतं तर पाह्यलं असतं.

मले रडू आलं नाई. आताई येत नाई. सगळे विचारतात, काऊन रडत नाई. मले नाई माहीत.

गौतमनं वर्षभर कोणाले सांगतलं नाई. लोकं त्याच्या तोंडावर चेंबरले नावं ठेवत, तो माझ्याकडे पाहे.
आज गावच्या ग्रुपवर टाकाले हे पोरीकडून टाइप करून घेऊन राह्यली. ती म्हणे, आई, हे नको टाकू.
टाक म्हटलं.

काम चांगलं होतं तुमचं. मी भरोसा नाई केला.

जा आता. जयभीम.